सहा मीटर कुठून?

गुरुवारी दुपारी शाळा सुटली, तेव्हा थोरली घरी न जाता ग्रंथालयाच्या मागच्या टेबलापाशी जाऊन बसली. आठवड्यातून दोनदा, सुटीनंतर तासभर, गणिताच्या मॅडम तिथे बसायच्या. ज्याला जे अडलंय ते त्याने घेऊन यायचं. मुलं या तासाला दवाखाना म्हणायची, कारण येणाऱ्यांचे चेहरे तसेच असायचे.

थोरली बारावीत होती आणि सामान्य गणितात सलग दोन चाचण्यांत नापास झाली होती. सामान्य गणित म्हणजे सोपं गणित, असं ज्यांनी ते कधी केलं नाही ते लोक म्हणतात. आता वार्षिक परीक्षेआधी एकच आशा उरली होती: वीस गुणांचा प्रकल्प. घरातल्या कुणाच्या तरी कामातला एक खरा प्रश्न घ्यायचा, त्याची आकृती काढायची, गणित मांडायचं आणि उत्तर तपासायचं. शुक्रवारी सकाळी द्यायचा होता. तिची आकृतीही धड झाली नव्हती.

तिचे बाबा क्रेन चालवायचे. खरं तर गणितासाठी त्यांच्याकडेच जायला हवं होतं. पण त्या वाटेवर मागच्या वर्षी एक भांडण झालं होतं. बाबा शिकवायला बसले की पहिली पाच मिनिटं आवाज खाली असायचा. मग "अगं, सोपं आहे हे!" सुरू व्हायचं आणि दर वेळी आवाज एक पट्टी वर चढायचा. एकदा तिने वही भिंतीवर फेकून मारली. बाबा उठून गॅलरीत गेले आणि आत येऊन म्हणाले, "आजपासून तुझ्या गणितात मी तोंड घालणार नाही." शब्दाचे पक्के होते. दहा महिने त्यांनी खरंच तोंड घातलं नाही. दोघं जेवताना एकमेकांना मीठ द्यायची आणि तेवढंच बोलायची.

त्यामुळे बुधवारी संध्याकाळी तिच्या फोनवर बाबांकडून दोन फोटो आले, तेव्हा ती चकित झाली. बाबा शेजारच्या खोलीतच होते. आईने प्रकल्पाचं सांगितलं असणार. पहिला फोटो कामाच्या आराखड्याचा होता आणि दुसरा क्रेनच्या वजनाच्या कोष्टकाचा. खाली एकच ओळ होती: "खरं काम आहे. उद्या चारला उचलायचंय." ती 'थँक्यू' लिहायला गेली, खोडलं, आणि शेवटी नुसता अंगठा पाठवला.

आता तेच फोटो तिने मॅडमसमोर ठेवले.

"बोल," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चष्मा कायम केसांत असायचा आणि त्या तो कायम टेबलावर शोधत असायच्या.

"मॅडम, एक मोठं कूलिंगचं मशीन आहे. एका इमारतीच्या गच्चीवर ठेवायचंय. क्रेनची ही लांब दांडी, तिला बूम म्हणतात, ती तीस मीटर. जमिनीशी कोन बासष्ट अंश. मग आडवं अंतर तीस गुणिले कॉस बासष्ट, म्हणजे चौदा पूर्णांक शून्य आठ. आणि आराखड्यातही क्रेनपासून भिंत सहा मीटर, भिंतीपासून मशीनची जागा आठ मीटर. सहा नि आठ चौदा. जुळलं."

"जुळलं ना? मग अडलं कुठे?"

"आकृतीत. त्रिकोण काढला की वाकडा दिसतो."

मॅडमनी तिची वही ओढून घेतली, मग फोनवरचा फोटो मोठा केला. शेजारी संभाव्यतेशी झुंजणारा एक मुलगा "मॅडम, माझं..." म्हणाला. त्याला त्यांनी नुसता तळहात दाखवला.

"त्रिकोणाचा हा कोपरा," त्यांनी पेन्सिल टेकवली, "जिथून बूम निघते, तो क्रेनवर कुठे असतो?"

"मधोमध. फिरती चकती असते ना, तिच्यावर."

"आणि हे सहा मीटर कुठून मोजलेत?"

थोरलीने फोटो आणखी मोठा केला. सहा मीटरच्या बाणाचं एक टोक भिंतीला टेकलं होतं. दुसरं टोक क्रेनच्या मधोमध नव्हतं. क्रेन उचलायला उभी राहते तेव्हा तिचे चार लोखंडी पाय बाजूला बाहेर काढून जमिनीवर टेकवतात. बाण त्यातल्या भिंतीकडच्या पायाला टेकला होता. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: पाय पूर्ण बाहेर, दोन पायांमध्ये सहा मीटर.

"म्हणजे मधापासून पायापर्यंत तीन," ती हळूच म्हणाली. "तीन, सहा, आठ. सतरा."

"सतरा. मग तुझा कोन?"

तिने कॅल्क्युलेटरवर सतरा भागिले तीस केलं, मग उलटा कॉस. साडेपंचावन्न. आराखड्यात बासष्ट छापलं होतं. तिचा पहिला विचार असा की माझंच चुकलं. गेल्या दोन वर्षांत जिथे जिथे तिचं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर वेगळं आलं होतं, तिथे पुस्तक बरोबर निघालं होतं. तिने पुन्हा केलं. तेच आलं. मॅडमनी स्वतः कागदावर केलं. तेच आलं.

"तिसरा उपप्रश्न काय होता तुझा?" मॅडमनी विचारलं.

"कोष्टक वाचायचं. त्या अंतरावर क्रेन किती वजन उचलू शकते."

तिने दुसरा फोटो उघडला. चौदा मीटरला सहा पूर्णांक दोन टन. सोळाला पाच. अठराला चार पूर्णांक एक. मध्ये सतरा नव्हतंच. आराखड्यावर मशीन, हूक आणि दोर मिळून साडेपाच टन लिहिलं होतं.

चौदाला साडेपाच बसत होतं. सतराला कुठल्याच हिशेबाने बसत नव्हतं.

"मॅडम, किती वाजले?"

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता, "क्रेनमधलं मला ओ की ठो कळत नाही. आकडेमोड बरोबर आहे एवढंच मी सांगू शकते. या कागदाचा अर्थ आपण बरोबर लावला का, ते तुझे बाबाच सांगतील. त्यांना फोन लाव."

फोन वाजून वाजून बंद झाला. बाबा केबिनमध्ये चढताना फोन कपाटात ठेवतात, हे तिला माहीत होतं. तरी तिने चार वेळा लावला. मग आईला लावला. आई धुलाई केंद्रात कामाला होती. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"आई, बाबांच्या सुपरवायझरचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

"कशाला? काय झालं?"

थोरलीने सांगितलं. तिलाच ते ऐकताना वेड्यासारखं वाटलं.

"अगं, बावीस वर्षं झाली त्यांना," आई म्हणाली. "त्यांना कळणार नाही का? परवाच त्यांचं साहेबांशी वाजलंय. ते यंत्र बंद पडलंय ना, वजन जास्त झालं की ओरडतं ते. बाबा म्हणाले दुरुस्त होईपर्यंत नको. साहेब म्हणाले कागदावर बघून उचला. आता तू तिकडे जाऊन आणखी—" आई मध्येच थांबली. घरघर ऐकू येत राहिली. "ते यंत्र बंद आहे," ती पुन्हा म्हणाली, या वेळी वेगळ्या आवाजात. "जा तू. रिक्षा कर, काहीही कर. मी नंबर शोधते."

मॅडमनी पर्स उचललीच होती. ग्रंथपालबाईंना त्यांनी सांगितलं, "या बाकीच्या तिघांवर नजर ठेवा. संभाव्यतावाल्याला म्हणावं शक्यतांच्या झाडाची आकृती काढ." आणि आराखड्यावरचा पत्ता बघून त्या थोरलीला स्कूटरवर मागे बसवून निघाल्या.

वाटेत तीन सिग्नल लागले आणि तिन्ही तांबडे. मॅडम वर्गात जितक्या शांत, स्कूटरवर तितक्याच बेफाम निघाल्या. एका वळणावर थोरलीने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांसमोर फक्त तो बाण दिसत होता. आपण चुकलो असलो तर? सगळ्यांसमोर बाबांची शोभा होईल आणि मग मीठ देणंही बंद होईल. आणि चुकलो नसलो तर? हा दुसरा विचार तिला पुरा करता येईना.

रस्त्याच्या तोंडाशी अडथळे लावले होते. त्यांच्या पलीकडे पिवळी क्रेन दिसत होती. बूम वर गेली होती, आणि बूमच्या टोकाखाली, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, करड्या रंगाचं ते मशीन लटकत होतं. अजून साडेतीनच वाजले होते. त्यांनी लवकर सुरुवात केली होती.

"थांबा, थांबा," अडथळ्यापाशी उभा असलेला पहारेकरी आडवा आला. "शाळा मागच्या गल्लीत आहे."

"आम्हाला क्रेनवाल्यांशी बोलायचंय. तातडीचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"काम चालू आहे. संपल्यावर बोला."

"संपल्यावर उपयोग नाही हो!"

"बाई, मला वरून सांगितलंय, कुणालाही सोडायचं नाही. तुम्ही शिक्षिका दिसताय, तुम्हाला नियम कळायला पाहिजेत."

मॅडम त्याला नियमांबद्दल काहीतरी सांगू लागल्या. थोरली ते ऐकत नव्हती. ती वर बघत होती. मशीन गच्चीच्या कठड्याच्या वर पोचलं. गच्चीवर दोन माणसं दोऱ्या धरून, माना वर करून उभी होती. क्रेन आता सावकाश भिंतीकडे वळू लागली. अजून बूम बरीच उभी होती. मशीन जागेवर न्यायचं म्हणजे ती खाली वाकवायला लागणार. जितकी वाकेल तितकं अंतर वाढणार. चौदा, पंधरा, सोळा.

बाबा काचेमागे होते. तिने "बाबा!" म्हणून ओरडून पाहिलं, पण इंजिनाच्या आवाजात ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

लहानपणी बाबा तिला आणि धाकट्या बहिणीला कधीतरी क्रेनच्या खुणा शिकवायचे. मूठ, बोट, अंगठा, कशाचा अर्थ काय ते. बहुतेक खुणा ती विसरली होती. एक लक्षात होती, कारण ती सांगताना बाबा हसायचे नाहीत. दोन्ही हात आडवे पसरायचे, तळवे जमिनीकडे, आणि जोरजोरात मागेपुढे हलवायचे. ही खूण मोठ्या साहेबाने केली काय आणि रस्त्यावरच्या माणसाने केली काय, थांबायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं.

पहारेकरी मॅडमना उत्तर देण्यात गुंतला होता. थोरलीने दप्तर खाली टाकलं, अडथळ्यांना बांधलेल्या पट्टीखालून वाकून आत शिरली आणि पळाली. मशीनच्या खाली जायचं नाही एवढं भान तिला होतं. ती क्रेनच्या तोंडासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून हलवू लागली.

क्रेन थांबली.

मशीन कठड्याच्या वर हलकेच झुललं आणि स्थिर झालं. खुणा देणारा माणूस वळून बघू लागला. कुणीतरी शिवी हासडली. सुपरवायझर हेल्मेट सावरत धावत आला.

"ए पोरी! डोकं फिरलंय का? हा काय खेळ आहे?"

थोरलीने हात खाली घेतले नाहीत. खांदे दुखायला लागले होते. बूमवरून नजर न हटवता ती म्हणाली, "मला बाबांशी बोलायचंय."

काचेमागे बाबा पुढे झुकले. तोवर त्यांना फक्त खूण दिसली होती, आता खूण करणारी दिसली. त्यांनी मशीन अंतर न वाढवता तसंच मागे वळवलं, सावकाश ट्रकवर उतरवलं, दोर सैल झाले तेव्हा इंजिन बंद केलं आणि खाली आले. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"आईला काही झालं?"

"नाही. बाबा, ते सहा मीटर कुठून मोजलेत?"

"काय?"

"आराखड्यातले सहा. पायापासून मोजलेत की मधापासून?"

"अहो, घरचं भांडण घरी करा ना!" सुपरवायझर मध्ये पडला. "पाचपर्यंतच रस्ता बंद आहे. आणखी दीड तास. त्यानंतर मला पुढच्या आठवड्यापर्यंत परवानगी मिळणार नाही. शाळेतल्या पोरीच्या गृहपाठासाठी मी—"

"साहेब, एक मिनिट," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "सांग."

ती सांगू लागली. वही नाही म्हणून तिने जमिनीवरच्या धुळीत बोटाने त्रिकोण काढला. इथे बूम निघते. इथे पाय. इथे भिंत. बाबा गुडघ्यावर बसून बघत होते. एकदाही "अगं, सोपं आहे हे" म्हणाले नाहीत. सतरावर ती पोचली तेव्हा ते उठले आणि खुणा देणाऱ्याला म्हणाले, "टेप आण."

दोघांनी मिळून मोजलं. पायापासून भिंत सहा मीटर आणि वर दहा सेंटीमीटर. चकतीच्या मधापासून भिंत नऊ मीटर दहा.



"नऊ नि आठ सतरा," खुणा देणारा म्हणाला. "कोष्टकात सतरा नाहीये."

"मधला आकडा नसला तर पुढचा धरायचा," बाबा म्हणाले. "अठरा. चार टन शंभर." ते सुपरवायझरकडे वळले. "आपण साडेपाच घेऊन निघालो होतो, साहेब."

"आराखडा इंजिनिअरने केलाय. तुम्ही काय इंजिनिअर आहात का?"

"मग त्यालाच विचारा."

सुपरवायझरने फोन लावून स्पीकरवर टाकला. इंजिनिअरचा आवाज तरुण आणि घाईतला होता. "अर्थात मधापासून. चौदा म्हणजे मधापासून चौदा." सुपरवायझर म्हणाला, "बाण पायावर आहे." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "थांबा. उचलू नका. मी येतोय." फोन बंद झाला.

गच्चीवरच्या दोघांपैकी एक जण कठड्यावरून वाकून ओरडला, "काय झालं? आम्ही उतरू का?"

"उतरा!" बाबा ओरडले. आणि मग त्यांना एकदम क्रेनच्या चाकाला टेकावं लागलं. त्यांनी दोन्ही हात बगलेत दाबून धरले.

आता कुठे पहारेकऱ्याने मॅडमना आत सोडलं. त्या दप्तर घेऊन आल्या, धुळीतला त्रिकोण पाहिला आणि सवयीने म्हणाल्या, "कोनाला नाव दिलं नाहीस." मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

त्या दिवशी काम बंद झालं. सुपरवायझरने कुणाचे आभार मानले नाहीत. उलट बाबांना सांगितलं की चौकशी होईपर्यंत तीन दिवस घरी बसा, कारण बाहेरचं माणूस कामाच्या जागी शिरलं आणि कंपनीच्या कागदाचा फोटो बाहेर गेला. बाबांनी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात दुसरीकडून दुप्पट ताकदीची क्रेन आली आणि मशीन वर गेलं. बंद पडलेलं यंत्र दुरुस्त झालं. तरुण इंजिनिअरने मात्र बाबांना फोन केला. काय बोलला ते बाबांनी सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, "रडत होता बिचारा."

त्या गुरुवारी बाप-लेक चालतच घरी निघाले. मॅडमनी स्कूटरवर सोडायची तयारी दाखवली होती, पण थोरली लगेच "नको नको" म्हणाली. अर्धी वाट सरली.

"डोळ्याला लांब वाटत होतं," बाबा अचानक म्हणाले. "वळवतानाच वाटलं. पण कागद म्हणत होता चौदा. परवा इतकं वाजलं होतं, म्हटलं पुन्हा कशाला तोंड उघडा." थोडं चालून ते पुढे म्हणाले, "बावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं."

तिने त्यांचा डबा आपल्या हातात घेतला.

प्रकल्प शुक्रवारी सकाळी देता आला नाही, सोमवारी दिला. मॅडमनी वीसपैकी चौदा दिले. उशिराचे तीन कापले, आणि एका ठिकाणी एकक लिहिलं नव्हतं म्हणून, आकृती पेनने काढली म्हणून, कोनाला नाव नाही म्हणून एकेक. आई भडकली. "माणसं वाचवली माझ्या पोरीने, आणि ही बाई एककं बघते?" बाबा म्हणाले, "एककं बघायलाच पाहिजेत." आणि हसले.

त्याच संध्याकाळी थोरली स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुढचा धडा घेऊन बसली होती. परीक्षेला पाच आठवडे होते आणि ती पास होईल याची कुणालाच खात्री नव्हती, तिलाही नाही. बाबा आले, खुर्ची ओढून बसले. ती नकळत ताठ झाली.

"एक विचारू?" बाबा म्हणाले. आवाज अगदी खाली होता.

"विचारा ना."

"ते कॉस म्हणजे नक्की काय असतं गं?"

तिला वाटलं ते तिची परीक्षा घेतायत. तिने वर पाहिलं. ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते आणि तिच्याकडे बघत नव्हते.

"मी पाठ केलं होतं," ते म्हणाले. "लायसन्सच्या परीक्षेला. सूत्र येतं, कोष्टक येतं. ते का, ते कधी कळलंच नाही. तू 'का' विचारायचीस. मला सांगता यायचं नाही, मग..." त्यांनी हात वर नेऊन आवाज चढल्याची खूण केली.

थोरलीने वहीचं कोरं पान काढलं आणि या वेळी पेन्सिल घेतली.

"हा काटकोन," ती म्हणाली. "आणि ही तुमची बूम समजा. आता ही वाकवली, तर जमिनीवरची सावली लांब होईल की आखूड?"

बाबांनी पान आपल्याकडे वळवून घेतलं आणि विचार करायला लागले.